साठीची बुद्धी चाळिशीत राखावी

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात केलेले हे भाषण. सभेनंतर अनेकांनी मागणी केल्यावरून वाचकांसाठी लिहून काढले आहे.)



ज्या हायस्कुलात मी रोज होडीने खाडी ओलांडून शिकायला येत असे, त्याच हायस्कुलाच्या व्यासपीठावरून चार शब्द बोलण्याची संधी आपण मला दिलीत, याबद्दल मी संस्थेचा मनापासून आभारी आहे. बक्षिसे मिळवलेल्या मुलामुलींचे प्रथम अभिनंदन करतो. माझा आजचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. पारितोषिकांच्या दिवशी मुलांच्या अभ्यासाबद्दल बोलायचे सोडून हा डॉक्टर म्हाताऱ्यांच्या विस्मरणाबद्दल काय बोलतो, असे मनात येईल. परंतु शाळेचा आणि त्या आजाराचा संबंध आपणास वाटतो त्यापेक्षा फार जवळचा आहे, आणि तोच मला आज आपल्यापुढे मांडायचा आहे.

आपल्या मराठीत ‘साठी बुद्धी नाठी’ अशी एक म्हण आहे. साठी उलटली की बुद्धी पळाली, असा तिचा अर्थ. घरातले वडीलधारे माणूस एकच प्रश्न पाच वेळा विचारू लागले, भलत्या वेळी जेवण मागू लागले, की आपण ही म्हण उच्चारतो आणि विषय संपवतो. कोणी म्हणते म्हातारचळ लागला, कोणी म्हणते वयच झाले. मी आपणास नम्रपणे सांगू इच्छितो की ही म्हण चुकीची आहे. वयोमानाने माणसाला नाव पटकन आठवत नाही, चष्मा कोठे ठेवला ते शोधावे लागते. हे साहजिक आहे. परंतु चष्मा कशासाठी असतो हेच कळेनासे होणे, रोजच्या बाजारातून घरचा रस्ता न सापडणे, आयुष्यभर केलेली भाकरी कशी करायची ते न सुचणे, याला वय म्हणत नाहीत. हा आजार आहे. त्याला स्मृतिभ्रंश म्हणतात.

१९०६ साली आलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टराने आपल्या एका रुग्ण बाईची हकीकत वैद्यांच्या सभेत सांगितली. ती रुग्णालयात आली तेव्हा तिचे वय अवघे ५१ होते. तिच्या मृत्यूनंतर त्याने मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला, तेव्हा त्यात चिकट पदार्थाचे पुंजके आणि पेशींत गुंतागुंतीचे धागे दिसले. त्या आजाराला पुढे त्याचेच नाव पडले. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांत या प्रकाराचे रुग्ण सर्वांत अधिक असतात. दुसरा मोठा प्रकार मेंदूच्या रक्तवाहिन्या बिघडल्यामुळे होतो. त्यात लहान लहान झटके येऊन मेंदूचे तुकडे निकामी होतात, आणि पुष्कळदा ते झटके आले हे कोणाला कळतही नाही. उतारवयात बहुतेकांच्या मेंदूत या दोहोंची भेसळ आढळते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे सांगणार आहे त्यातले बरेच काही तिच्यावर अवलंबून आहे.

आपल्या देशात ६० वर्षांवरील दर शंभरांत साधारण सात जणांना स्मृतिभ्रंश आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार हा आकडा सुमारे ८८ लाख होतो. त्याच पाहणीत असे दिसले की पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत हे प्रमाण अधिक आहे. असे का असावे? या प्रश्नाकडे येण्यापूर्वी मी आपणास माझ्या घरातली एक गोष्ट सांगतो. ती सांगताना मला संकोच वाटतो, कारण तिच्यात माझीही चूक आहे.

माझी थोरली बहीण, जिला आम्ही सारे आपा म्हणत असू, माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. गावच्या शाळेत ती चौथीपर्यंत शिकली आणि चौथीला वर्गात पहिली आली. पुढची शाळा खाडीपलीकडे होती. मुलीने होडीतून एकटीने जावे हे त्या काळी कोणाला पटणारे नव्हते. त्यात अम्मी आजारी, आणि आम्ही तीन भाऊ लहान. आपाचे दप्तर खुंटीला लागले. पुढे तेच दप्तर घेऊन मी याच हायस्कुलात आलो. तिचे तोंडी हिशेब इतके पक्के होते की मासळीवाली तिच्याशी हुज्जत घालीत नसे. लग्नानंतर दुल्हाभाई आखातात गेले. मोहल्ल्यातल्या निम्म्या घरांचे पुरुष तिकडेच होते. त्या बायकांची पत्रे आपा लिहून देई आणि आलेली वाचून दाखवी. आमच्या अंगणात संध्याकाळी पत्रांसाठी बायका बसलेल्या मला आठवतात. मग घरोघरी फोन आले आणि पत्रे थांबली.

ती ४८ वर्षांची असताना मी सहज तिचे ब्लडप्रेशर पाहिले. १७० वर १०० भरले. मी गोळ्या लिहून दिल्या. तिने महिनाभर घेतल्या आणि सोडल्या. म्हणाली, “मुन्ना, माझे डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, मग गोळी कशाला?” मी दोनदा सांगून पाहिले आणि गप्प बसलो. परक्या रुग्णाला मी रागावलो असतो. बहिणीला रागावलो नाही. साठीच्या सुमारास तिला ऐकू कमी येऊ लागले. ती भलतेच उत्तर देई आणि आम्ही सारे हसत असू. हळूहळू ती लग्नाकार्यात, बायकांच्या बैठकीत जाईनाशी झाली. ६८व्या वर्षी एके दिवशी ती एसटी स्टँडवर दोन तास बसून राहिली, कारण कोणत्या गाडीत बसायचे ते तिला सुचेना. मेंदूची तपासणी केली तेव्हा जागोजाग जुन्या लहान झटक्यांच्या खुणा आढळल्या. तीन वर्षांनी मी तिच्या खाटेजवळ बसलो असता तिने माझ्याकडे पाहून फार अदबीने विचारले, “आपण कोणाकडचे?”

बंधुभगिनींनो, आपाचा आजार नेमका कोणत्या एका कारणाने झाला असे मी म्हणणार नाही. एका माणसाच्या बाबतीत असे बोट ठेवता येत नाही. परंतु हजारो माणसांची वर्षानुवर्षे पाहणी करून शास्त्रज्ञांनी ज्या गोष्टी धोक्याच्या म्हणून नोंदवल्या आहेत, त्यांतल्या चार-पाच तिच्या आयुष्यात एकामागून एक आल्या, आणि त्या प्रत्येक वेळी आम्ही घरचे लोक शेजारीच उभे होतो.

लंडनच्या प्राध्यापक गिल लिव्हिंगस्टन यांच्या नेतृत्वाखाली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या मंडळाने २०२४ साली आपला अहवाल दिला. बदलता येण्यासारख्या चौदा गोष्टी त्यांनी दाखवल्या आहेत. लहानपणी कमी शिक्षण. मध्यम वयात बहिरेपणा, रक्तातील वाईट कोलेस्टेरॉल, रक्तदाब, मधुमेह, लठ्ठपणा, धूम्रपान, अति मद्यपान, बैठेपणा, मनाची खिन्नता, डोक्याला मार. आणि उतारवयात एकलकोंडेपण, दूषित हवा व अधू दृष्टी. या चौदाही गोष्टी दूर करता आल्या तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळतील किंवा लांबणीवर पडतील, असा त्यांचा हिशेब आहे. उरलेले ५५ टक्के वय, आनुवंशिकता आणि अद्याप न उलगडलेल्या कारणांकडे जातात. म्हणून कोणाच्या घरी हा आजार असेल तर त्या माणसाने काही चुकीचे केले असे कृपा करून समजू नका. नेमाने वागणाऱ्यालाही हा आजार होतो. परंतु शंभरांतले पंचेचाळीस ही काही लहान गोष्ट नव्हे.

या यादीत वयाच्या हिशेबाने पहिली गोष्ट शिक्षण आहे, हे आपल्या लक्षात आले असेल. शाळेत शिकलेल्या माणसाचा मेंदू म्हातारपणी का टिकतो? एक साधे उदाहरण देतो. ज्या गावाला तालुक्याकडे जाणारी एकच वाट आहे, तेथे पावसाळ्यात साकव वाहून गेला की गाव तुटते. ज्या गावाला चार वाटा आहेत, तेथे एक तुटली तरी दूधवाला पोहोचतो. वाचणे, लिहिणे, हिशेब करणे, नवीन काही शिकणे यांनी मेंदूच्या पेशींमध्ये अशा जादा वाटा तयार होतात. आजार झालाच तरी माणूस दुसऱ्या वाटेने पुष्कळ वर्षे काम भागवतो. शास्त्रज्ञ याला मेंदूची राखीव पुंजी म्हणतात.

ही केवळ कल्पना नाही. अमेरिकेत डेव्हिड स्नोडन या संशोधकाने १९८६ पासून कॅथलिक मठांतल्या ६७८ वृद्ध जोगिणींचा अभ्यास केला. त्यांचे राहणे, खाणे, काम सारखेच, म्हणून तुलना करणे सोपे. मठात येताना, साधारण विशी-बाविशीत, त्यांपैकी काहींनी स्वतःबद्दल थोडे लिहिलेले होते आणि ते कागद जपून ठेवलेले होते. ज्यांचे तरुणपणीचे लिखाण विचारांनी भरगच्च होते, त्यांच्यात साठ वर्षांनंतर विस्मरण फार कमी आढळले. शिवाय काही जोगिणींच्या मेंदूत मृत्यूनंतर आजाराच्या खुणा सापडल्या, पण त्या हयात असताना कोणाला पत्ताही लागला नव्हता.

दुसरा दाखला अमेरिकेतल्याच फ्रॅमिंगहॅम या गावाचा. १९४८ पासून तेथील रहिवाशांच्या प्रकृतीची नोंद ठेवली जात आहे. २०१६ साली त्या नोंदींवरून असे दिसले की सुमारे तीस वर्षांत तेथे स्मृतिभ्रंशाचे नवे रुग्ण होण्याचे प्रमाण ४४ टक्क्यांनी घटले. म्हणजे हा आजार हटवता येतो! परंतु पुढचे वाक्य शिक्षणसंस्थेने भिंतीवर लिहून ठेवावे असे आहे. ही घट केवळ त्या लोकांत झाली, ज्यांचे निदान हायस्कुलाचे शिक्षण पुरे झाले होते. जे त्याआधी शाळेतून बाहेर पडले, त्यांना या सुधारणेचा वाटा मिळाला नाही.

आता मघाच्या प्रश्नाकडे या. आपल्याकडे स्त्रियांत आणि खेड्यांत हे प्रमाण अधिक का? स्त्रिया अधिक जगतात हे एक कारण आहेच. पण आज ज्या स्त्रिया सत्तरीत आहेत, त्यांतल्या किती जणींनी सातवीचे तोंड पाहिले? मुलगी चौथीतून काढली तेव्हा घरच्यांना वाटले की तिचे फक्त पुस्तक गेले. तिच्या सत्तरीतल्या आधारातला एक वासाही त्याच दिवशी काढून घेतला, हे कोणाला माहीत नव्हते. आज आपल्याला माहीत आहे.

शिक्षणानंतर मध्यम वय. आपला मेंदू वजनाने शरीराच्या अवघा दोन टक्के, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे वीस टक्के तो एकटा वापरतो. हा प्राणवायू रक्तातून येतो आणि रक्त ज्या नळ्यांतून येते त्या केसासारख्या बारीक असतात. रक्तदाब वाढला, साखर वाढली, चरबी साठली, तंबाखू ओढली, की या नळ्या आतून खरखरीत होतात, आवळतात, बुजतात. हृदयासाठी जे वाईट ते मेंदूसाठीही वाईट, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. यात सर्वांत फसवा रक्तदाब. तो दुखत नाही. वीस वर्षे मुकाट्याने काम करतो. म्हणून चाळिशी आली की वर्षातून एकदा तरी ब्लडप्रेशर मोजून घ्या, आणि वरचा आकडा डॉक्टरांच्या देखरेखीखाली १३० च्या आसपास ठेवा.

यासाठी मोठे इस्पितळ लागते असेही नाही. ग्रामीण चीनमध्ये ३२६ खेड्यांतील सुमारे ३४ हजार रक्तदाबाच्या रुग्णांवर एक प्रयोग झाला. निम्म्या खेड्यांत गावपातळीवरच्या आरोग्यसेवकांनी घरोघरच्या माणसांचा रक्तदाब नेमाने मोजला, गोळ्या दिल्या, त्या घेतल्या की नाही ते पाहिले, मीठ कमी करायला शिकवले. चार वर्षांनी त्या खेड्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण इतर खेड्यांपेक्षा १५ टक्क्यांनी कमी निघाले. हा निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाला. आपाच्या गोळ्या सुटल्या तेव्हा असे कोणी विचारणारे असते तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

गोळ्यांवरून आठवले. रमजानच्या महिन्यात पुष्कळांच्या गोळ्यांच्या वेळा बदलतात, काही सुटतात, आणि ईद झाली तरी सुटलेल्याच राहतात. रोजे सुरू होण्याच्या पंधरा दिवस आधी डॉक्टरांकडे जा. बहुतेक औषधे सहरी आणि इफ्तारच्या वेळेला बसवता येतात. मधुमेहाचे इन्शुलिन घेणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय काहीच बदलू नये.

आता मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमहून कमी मीठ खायला सांगते, म्हणजे चहाचा एक सपाट चमचासुद्धा नाही. आमच्या कोकणात सुकट, बोंबील, लोणचे, पापड यांतूनच तेवढे पोटात जाते, आणि वर ताटात वाढलेले वेगळे. सुकी मासळी सोडा असे मी म्हणत नाही, मलाही ती सुटलेली नाही. पण ती रोजची न ठेवता कधीमधी करावी, आणि भिजवून पहिले पाणी टाकून द्यावे. ताजी मासळी, डाळी, कडधान्ये, हिरवी भाजी, फळे हे आपल्या घरचेच अन्न मेंदूला मानवते. त्यासाठी परदेशी वस्तू विकत आणण्याची गरज नाही. दावतीतले तळलेले आणि गोड मात्र दावतीपुरते ठेवावे.

बिडी-सिगारेट सोडलेल्या माणसाचा धोका वर्षागणिक उतरत जातो, म्हणून साठीतही सोडण्यात अर्थ आहे. ‘मी ओढत नाही, फक्त मशेरी लावते’ असे म्हणणाऱ्या भगिनींनीही आपण सुटलो असे मानू नये. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. चुलीचा धूरही कमी करा. आणि मोटारसायकलवर बसणाऱ्या तरुण मित्रांनो, डोक्याला मार हेही त्या यादीत आहे. हेल्मेट पोलिसांसाठी घालावयाचे नसते.

चालण्याबद्दल सगळेच सांगतात. आठवड्याला दीडशे मिनिटे, म्हणजे दिवसाला जेमतेम वीस-बावीस मिनिटे, थोडा दम लागेल अशा वेगाने चालले तरी रक्तदाब, साखर, मनाची खिन्नता या तिन्हींवर एकदम परिणाम होतो. पुरुष नाक्यापर्यंत तरी जातात. आमच्या घरच्या बायकांना मात्र ‘घरात दिवसभर चालणे होतेच की’ असे ऐकवले जाते. ओट्यापासून चुलीपर्यंतचे चालणे हे चालणे नव्हे. त्यांनी दोघी-चौघींनी मिळून पहाटे किंवा संध्याकाळी बाहेर पडावे आणि घरच्या पुरुषांनी त्या वेळेचा चहा स्वतः करून घ्यावा.

आता कान आणि डोळे. ऐकू न येणारा माणूस अर्धी शक्ती शब्द पकडण्यात घालवतो, मग थकतो, मग बोलणेच सोडतो. मेंदूला रोज मिळणारे खाद्य बंद होते. अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांवर झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात निम्म्या लोकांना कानाची यंत्रे दिली. सरसकट सर्वांत फरक दिसला नाही. परंतु ज्यांना आधीच रक्तदाब, मधुमेह वगैरेंमुळे धोका अधिक होता, त्यांच्यात बुद्धीची घसरण तीन वर्षांत ४८ टक्क्यांनी कमी झाली. पुष्कळदा तर यंत्राचीही गरज नसते, कानात मळ साठलेला असतो. चष्म्याला आपण लाजत नाही. कानाच्या यंत्राला का लाजावे? मोतीबिंदूही पिकू देत बसू नये, वेळीच काढून घ्यावा. आणि माझी हात जोडून विनंती, बहिऱ्या माणसाच्या उत्तराला हसू नका. आम्ही हसलो होतो.

यापुढची गोष्ट एकटेपणाची. आमच्या खाडीकाठच्या गावांत आखातातल्या पैशाने बांधलेले दुमजली बंगले आहेत, आणि त्यांत एक म्हातारे जोडपे किंवा एकटी म्हातारी राहते. मुले दर शुक्रवारी फोन करतात, पैसे वेळेवर पाठवतात, कामाला बाई ठेवतात. त्यांचा दोष नाही. पण दिवसभर जिच्याशी कोणी वाद घालत नाही, कोणी सल्ला विचारीत नाही, जिच्यावाचून काही अडत नाही, तिच्या मेंदूने जागे राहायचे कशासाठी? “आता आपण आराम करा” असे आपण मोठ्या प्रेमाने म्हणतो. मी म्हणेन, वडीलधाऱ्यांना आराम द्या, पण कामावरून काढू नका. हिशेब त्यांना विचारा. नातवंडांची उजळणी त्यांच्याकडे द्या. जुनी नाती, जुन्या जमिनी, जुनी माणसे यांची माहिती लिहून घ्या.

येथे आपल्याला दिलासा देणारी एक गोष्ट सांगतो. आमच्या मुलांना घरी एक बोली, मदरशात उर्दू, शाळेत मराठी, वर इंग्रजी. या ओझ्याची तक्रार पालक नेहमी करतात. हैदराबादच्या निझाम वैद्यकीय संस्थेत डॉ. सुवर्णा अल्लादी यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे आढळले की दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांना हा आजार एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा सरासरी साडेचार वर्षे उशिरा जडला. जे कधी शाळेत गेले नव्हते त्यांच्यातही हा फरक दिसला. इतर देशांतल्या सर्वच अभ्यासांत इतका फरक सापडलेला नाही, हेही सांगितले पाहिजे. पण आपल्या अगदी शेजारच्या लोकांतून निघालेला हा निष्कर्ष आहे. तेव्हा घरची बोली टाकू नका आणि मराठी कच्ची ठेवू नका. दोन्ही चांगल्या बोला.

या सगळ्याचा मिळून उपयोग होतो का? २०१५ साली फिनलंडमधून उत्तर आले. ६० ते ७७ वयाच्या १२६० जणांपैकी निम्म्यांना दोन वर्षे नेमाचा आहार, व्यायाम, बुद्धीचे खेळ आणि रक्तदाब-साखरेची देखरेख असे चारही एकत्र दिले; उरलेल्यांना नेहमीचा सल्ला दिला. पहिल्या गटाची बुद्धीच्या चाचणीतली प्रगती दुसऱ्या गटापेक्षा २५ टक्क्यांनी अधिक झाली. म्हणजे साठीनंतरही उशीर झालेला नसतो. मात्र सुरुवात चाळिशीत केली तर हातात वेळ अधिक राहतो. आणखी एक सूचना. घरात कोणाचे विस्मरण वाढले तर ‘वय झाले’ म्हणून थांबू नका. थायरॉइडची कमतरता, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, मनाची खिन्नता, पडल्यानंतर डोक्यात साठलेले रक्त, एखादे औषध, यांनीही असेच विस्मरण येते आणि उपचाराने ते सुधारते. तपासल्याखेरीज हे कळत नाही.

शेवटी संस्थेपुढे मी तीन विनंत्या ठेवतो. पहिली, वार्षिक समारंभाच्या दिवशी चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक पालकाचे ब्लडप्रेशर, साखर आणि कान येथेच तपासावेत. माझी आणि माझ्या सहकारी डॉक्टरांची सेवा मोफत राहील. दुसरी, आठवड्यातून एक तास आजी-आजोबांना वर्गात बोलवावे. मुलांनी त्यांना वाचून दाखवावे आणि त्यांनी मुलांना सांगावे. ज्या आजीला अक्षरओळख नाही तिला नातीने शिकवावी. पुंजीत भर घालायला वयाची अट नाही. तिसरी सर्वांत महत्त्वाची. गेल्या तीन वर्षांत आठवी-नववीतून ज्या मुली शाळा सोडून गेल्या त्यांची यादी चिटणीसांनी काढावी, आणि आपण चार जणांनी त्यांच्या घरी जावे. आता खाडीवर पूल आहे. होडीची सबब उरलेली नाही.

आज ज्या मुलींनी या व्यासपीठावर बक्षिसे घेतली, त्यांना पाहताना मला चौथीत पहिली आलेली एक मुलगी आठवत होती. तिचे बक्षीस एक पाटी होती. ती पाटी आपाने मरेपर्यंत ट्रंकेत जपून ठेवली होती. शेवटच्या वर्षात तिला माझे नाव आठवत नसे, पण पाटी हातात दिली की ती बोटाने तिच्यावर आकडे काढीत बसे. त्या आकड्यांना पुढे जायला वाट मिळाली असती तर काय झाले असते, ते मी सांगू शकत नाही. आपल्या घरच्या मुलींच्या बाबतीत मात्र ते अजून आपल्या हातात आहे.